हाताने कातलेल्या गाठाळ लोकरीचं करायचं काय? (धाग्यावरचा धागा)

रानजाई | १४ जून, रात्री ९.४०

मंडळी, मदत हवीये. मी पाच वर्षं झाली न्यूझीलंडला क्राइस्टचर्चमध्ये आहे आणि इथे येऊन मला लोकर कातायचं वेड लागलं. माणसांपेक्षा मेंढ्या जास्त असलेल्या देशात दुसरं काय लागणार म्हणा. कताईची चाकंसुद्धा इथून तासाभरावर अ‍ॅशबर्टनला बनतात, ती बनवणारी अ‍ॅशफर्ड कंपनी १९३४ची आहे. तर पहिलं वर्ष एकसारखा बारीक धागा निघावा म्हणून धडपडण्यात गेलं, आणि तो निघायला लागला त्या आठवड्यातच मला त्याचा कंटाळा आला. मग सुरू झाला आर्ट यार्नचा नाद.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा मुद्दाम ओबडधोबड काढलेला धागा असतो. थिक-अँड-थिन म्हणजे मध्येच करंगळीएवढा जाड, मध्येच सुतळीएवढा. कोअरस्पन म्हणजे आत एक साधा दोरा धरून त्याच्यावर लोकर गुंडाळत जायची. कॉइल म्हणजे दोन धाग्यांना पीळ देताना एक धागा दुसऱ्यावर ढकलत न्यायचा, की त्याची गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळी बसते. आणि माझा सगळ्यात लाडका टेलस्पन, त्यात इंग्लिश लेस्टर मेंढीच्या कुरळ्या बटा नुसत्या एका टोकाला अडकवायच्या आणि बाकीची बट बाहेर लोंबत ठेवायची.

आता कपाटात अशा चौदा लडी आहेत. प्रत्येक शंभर सव्वाशे ग्रॅमची, पण लांबी मोजली तर तीस ते पन्नास मीटर, बास. हौसेने मफलर घातला होता, ८ मिमी सुया, वीस टाके. चौथ्या ओळीला कॉइल सुईवरून सरकेना म्हणून दोन ओळी उसवायला गेले तर बटा एकमेकींत अशा गुंतल्या की शेवटी कात्री लावली. आईला (सातारा) व्हिडिओ कॉलवर लड दाखवली तर म्हणाली छान आहे गं, पण हे आधीच उंदराने कुरतडलंय का?

कोणी वापरलीये का अशी लोकर? बघायला इतकी सुंदर दिसते आणि हातात घेतली की काही सुचत नाही.


चहाबाज | १४ जून, रात्री १०.०५

मला विणकामातलं ओ की ठो कळत नाही पण फोटो टाका की. चौदा लडी वाचून जत्रेतली पाळण्याची रांग डोळ्यासमोर आली.


रानजाई | १४ जून, रात्री १०.१७

टाकतेय तीनदा, साइज मोठा आहे म्हणतोय. उद्या लहान करून टाकते.


सुईदोरा | १५ जून, सकाळी ७.३०

रानजाई, अगं तुझ्या मफलरची चूक लोकरीत नाहीये, तू सगळा मफलरच त्या लोकरीचा करायला निघालीस तिथे आहे. मी पुण्यात वीस वर्षं विणकाम शिकवतेय आणि माझ्याकडे परदेशातून मैत्रिणीने पाठवलेल्या अशाच दोन लडी आल्या होत्या तेव्हा मीही हेच केलेलं. पैठणी आठव. अंग साधं, काठ आणि पदर भरलेला. सगळाच पदर विणला तर नेसणार काय? तशी ही लोकर पदरासारखी आहे, तिला अंग दुसऱ्या साध्या लोकरीचं लागतं.

सुयांवर करायचं असेल तर सांगते मी काय केलं ते. गळ्याभोवतीचा काउल घेतला, गोल सुईवर, साधी काळी लोकर, ४.५ मिमी. सहा फेऱ्या साध्या झाल्या की एक फेरी तुझ्या लोकरीची. पण त्या फेरीत प्रत्येक टाका विणायचा नाही, एक विणायचा आणि पुढचा नुसता उचलून उजव्या सुईवर घ्यायचा, उचलताना जाड धागा मागच्या बाजूला ठेवायचा, शेवटी तीच बाजू बाहेर येते. म्हणजे काय होतं की जाड धागा अर्ध्याच टाक्यांतून जातो आणि उरलेल्या टाक्यांवरून नुसता आडवा पडून राहतो, छान दिसतोही आणि घेर फुगत नाही. नाहीतर काळ्या लोकरीचे ९० टाके आणि जाड लोकरीचे ९० टाके यांची रुंदी एक कशी येणार, झालर होते ती. ती एक फेरी विणताना उजव्या हातात १० मिमीची सुई धरायची, बाकी सगळं ४.५ वरच.

अजून एक. सुलट बाजूने सलग विणलं की सगळे गोळे, गाठी, कॉइल पलीकडच्या उलट बाजूला जाऊन बसतात आणि तू पुढून बघत बसतेस की गेलं कुठे सगळं. तेव्हा उलट बाजूच बाहेरची धर. मी आख्खा काउल शेवटी उलटा करूनच घातला.

कॉइल सरकत नसेल तर तो टाका सोडून दे, पुढे चल. कॉइल दोन टाक्यांच्या मध्ये बोटाने ढकलून बाहेर काढायची आणि मग पुढचा टाका घ्यायचा. सुईवरून तिला नेलंच पाहिजे असं कुणी सांगितलंय.


टाका_चुकला | १५ जून, सकाळी ९.१०

सुईदोरा ताई, उचलून घ्यायची आयडिया भारी आहे, मी इतकी वर्षं टाके अर्धे करून परत वाढवत होते, डोकं फिरायचं.

क्रोशाने मात्र करू नका कुणी. मी बुक्ले लोकर, म्हणजे सगळीकडे लूप लूप असलेली, ती क्रोशाने करायला घेतली होती. खांब कुठे घालायचा तेच दिसत नाही, सुईचा आकडा टाक्यात न जाता लोकरीच्याच लूपमध्ये अडकतो आणि कळतं तेव्हा चार खांब पुढे गेलेलो असतो. फक्त साखळी जमली, १५ मिमीच्या आकड्याने. मग त्याच साखळीचे तीन पदर करून मागे मोठं लाकडी बटण लावलं आणि गळ्यातलं म्हणून बहिणीला दिलं. ऑफिसात तिला चौघींनी विचारलं कुठून घेतलंस. सहा मीटर लोकर लागली फक्त.


पिंजण | १५ जून, दुपारी १.२५

आधी एक विचारू का? लडी धुतल्यात का कातून झाल्यावर? आणि त्या एकपदरी आहेत का दोनपदरी?


रानजाई | १५ जून, दुपारी २.००

कोअरस्पन आणि थिक-अँड-थिन एकपदरी, कॉइलवाल्या दोनपदरी. धुतल्या नाहीत गं. बटा विसकटतील म्हणून भीती वाटली.


पिंजण | १५ जून, दुपारी २.४०

मग आधी धू. न धुतलेल्या एकपदरी धाग्यात पीळ जिवंत असतो. एक मीटरभर धागा सोडून मध्ये धर आणि दोन्ही टोकं जवळ आण, स्वतःभोवतीच गरागरा वळला की समज. असा धागा नुसत्या सुलट-उलट ओळींत विणला की चौकोन चौकोन राहत नाही, पतंगासारखा तिरका होतो आणि कितीही इस्त्री कर, सरळ होत नाही. दोन्हीकडून सुलट विणलं तर बराच सावरतो, साबुदाणा विणीत पण सावरतो. कोअरस्पनमध्ये आतल्या दोऱ्याचा पीळही यात असतो म्हणून तो जास्त नाचतो.

धुवायचं म्हणजे चोळायचं नाही हां. लड चार ठिकाणी सैल बांध, कोमट पाण्यात वीस मिनिटं नुसती बुडवून ठेव, उचल, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढ आणि मग धोब्यासारखी दोनतीनदा बाथरूमच्या कडेवर आपट. आपटल्याने पीळ सगळीकडे सारखा बसतो. टेलस्पन मात्र आपटू नको, तिला नुसतं झटक. वाळत घालताना खाली वजन लावायचं नाही, वजनाने ओढला गेलेला धागा पहिल्या धुण्यात परत आखडतो आणि वस्तू तयार झालेली असली तर ती पण आखडते. बटा ओल्या असताना बोटाने एकेक सुट्टी कर, पहिल्यापेक्षा कुरळ्या होतात. आणि पाणी गरम-थंड गरम-थंड करू नको, मेरिनो मेंढीची लोकर असेल तर आटून जागच्या जागी घट्ट नमदा होईल.

रंग स्वतः दिलेत का? लाल असेल तर पाण्यावर लक्ष ठेव. माझा एक गडद लाल सुटला आणि शेजारची पांढरी लड पण गेली, होळी नुसती.


वर्धेकर | १५ जून, संध्याकाळी ६.१५

हा धागा वाचून हसू आलं. आमच्या शाळेत सूतकताईचा तास असायचा, तकलीवर. गुरुजी पेळू द्यायचे आणि मी जे सूत काढायचो ते अगदी तुम्ही म्हणताय तसं, मध्येच करंगळी मध्येच केस. त्याला गुरुजी "अळ्या" म्हणायचे आणि मार्क कापायचे. आज कळलं मी आर्टिस्ट होतो.

पण गंमत म्हणजे अळीवाल्या धाग्याची किंमत आपल्याकडेही आहेच की. दुपियन रेशीम घ्या. दोन किडे शेजारी शेजारी बसून एकच कोष विणतात, त्यातून धागा सुटा निघत नाही, गाठी येतात, आणि त्या गाठींमुळेच कापडाला तो खडबडीत झळाळ येतो. मटका सिल्क म्हणजे उरलेल्या, फुटलेल्या कोषांचं जाड सूत, मडक्यावर हात धरून कातायचे म्हणून मटका. आता त्याच्या साड्यांची किंमत विचारा.

एक शंका. पेटी चरख्यावर असली लोकर कातता येईल का? वडिलांचा माळ्यावर पडलाय. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी ज्याच्यावर डोकं चालवलं तोच प्रकार, दोन चाकांचा.


रानजाई | १५ जून, रात्री ८.५०

अळ्या :) इथल्या गिल्डमध्ये, म्हणजे कातणाऱ्यांच्या मंडळात, सांगते सोमवारी. तिथे उलटं रडगाणं आहे, नवीन आलेल्या बायका असा धागा आपोआप काढतात आणि दोन वर्षांनी मुद्दाम काढायचा म्हटलं की हात बारीकच काढतो, जमतच नाही.

पेटी चरख्याला इथल्या चाकासारखं धागा आत घ्यायचं भोक नसतं, चातीच्या (फिरत्या टोकदार दांडीच्या) टोकावरून धागा निघतो, त्यामुळे अडकायला काही नाही, तो फायदाच. माझ्या पहिल्या चाकाच्या भोकातून कॉइल जायचीच नाही. पण पेटी चरखा आखूड कापसासाठी बनलेला, मोठ्या चाकाच्या एका फेऱ्यात चाती भरमसाट फिरते, जाड लोकरीला इतका पीळ बसेल की दोरखंड होईल. त्यापेक्षा ६०-७० ग्रॅमची मोठी तकली घ्या, लोंबती. आणि चरख्यावर कापूसच काता, अळ्या सकट.


मागावरची | १६ जून, रात्री १२.२०

ओहायोतून लिहितेय, म्हणून ही वेळ. सुईदोरा यांचा पैठणीचा मुद्दा शंभर टक्के, पण माझं मत विचाराल तर ही लोकर विणायची नाहीच, मागावर घालायची. विणताना धाग्याला वळणं घ्यावी लागतात आणि वळणातच सगळा पोत गडप होतो. मागावर आडवा धागा सरळ पडतो, जसा कातला तसा दिसतो. शिवाय लोकर किती कमी लागते बघ.

हिशोब करते. छोटा रिजिड हेडलचा माग, म्हणजे ज्याच्या फणीला एकाआड एक भोक आणि फट असते आणि तीच वरखाली करायची, ४० सेंमी रुंद. फणी ७.५ची, म्हणजे इंचाला साडेसात धागे. उभा ताणा साध्या दोनपदरी लोकरीचा, गडद रंग. आडवे सहा धागे साधे त्याच लोकरीचे, मग एक तुझा. सहा साध्यांचे दोनेक सेंमी, तुझ्याचा एक, म्हणजे तीन सेंमीत एक धागा. १८० सेंमीच्या स्कार्फला साठ धागे. प्रत्येक अर्धा मीटर धर. तीस मीटर. झाली तुझी एक लड आणि झाला एक आख्खा स्कार्फ!

आता खाचाखोचा, ज्या मला कुणी सांगितल्या नव्हत्या.

हा धागा धोट्यात गुंडाळू नको, मावत नाही आणि ताण्यात अडकतो. आधीच ५० सेंमीचे तुकडे कापून ठेव. हो, कापून. कळतंय तुझं तोंड कसं झालं असेल ते. पण तुकडा हाताने घालता येतो आणि दोन्ही टोकं काठाबाहेर पाच पाच सेंमी लोंबत ठेवली की दोन्ही बाजूंना आपोआप झालर, आणि काठ फुगायचा प्रश्नच मिटला. जाड धागा काठाशी वळवून परत आणलास तर प्रत्येक वेळी कानासारखा बाहेर येतो.

फणीने ठोकायचं नाही. साध्या धाग्याला ठोक, तुझ्या धाग्याला फणी नुसती टेकव. ठोकलास तर चपटा होतो आणि त्याच्या आजूबाजूचा ताणा ताणला जातो. आणि त्याच्यानंतरचा पहिला साधा धागा जरा सैल, कमानीसारखा घाल, म्हणजे तो जाड धाग्याच्या चढउतारांवरून नीट बसतो. नाहीतर कापड तिथे आत ओढलं जातं, कमरेसारखं.

ताण्यात घालायची हौस असेल तर दोनचारच घाल, आणि फणीच्या भोकातून नाही, फटीतून. फटीत जागा असते, भोकात कॉइल अडकून पहिल्या फुटातच तुटते. टेलस्पन ताण्यात कधीच नाही.

आणि चुकीची भीती वाटत असेल तर जपानच्या साओरी विणकामाबद्दल वाच. ओसाकाच्या मिसाओ जो बाईंनी ओबी (किमोनोचा कमरपट्टा) विणला, त्यात ताण्याचा एक धागा राहून गेला होता. जाणकाराने सदोष म्हणून बाजूला काढला, तर त्यांना तीच रेघ आवडली आणि पुढे त्यांनी मुद्दाम तशाच रेघा सोडून विणायला घेतलं. त्यातून आख्खी पद्धत उभी राहिली.


टाका_चुकला | १६ जून, सकाळी ८.००

कापून??? ज्या लडीला तीन दिवस लागले ती??


मागावरची | १६ जून, सकाळी ८.२५

मिठाई खायची की फ्रीजमध्ये ठेवून बघायची?


घोंगडीवाला | १६ जून, दुपारी १२.४०

आटपाडीकडचा आहे मी, मला या विषयावर बोलायचा जन्मसिद्ध हक्क आहे असं समजतो. तुमची ती चौदा लडींची भिजत घोंगडी वाचून राहवलं नाही.

आमच्याकडं दख्खनी मेंढी. लोकर काळी, खरबरीत, केस मिसळलेली. वर्षातून दोनदा मेंढ्या भादरतात, बाया चरख्यावर कातत्यात आणि सणगर लोक खड्डा मागावर घोंगडी विणत्यात. आमच्या आजीचं सूत बी एकसारखं नसायचंच, जाड-बारीक असायचं, पण घोंगडीत ते दिसत नाही कारण ताण्याला चिंचोक्याची खळ लावत्यात. चिंचोके भाजून, टरफल काढून, भिजवून, वाटून, शिजवून चिकट खळ करायची आणि ब्रशनं धाग्याला चोपडायची, की केस बसतात आणि धागा तुटत नाही. नवीन घोंगडी म्हणूनच पत्र्यासारखी कडक असते, चार पावसाळे काढले की मऊ पडते.

माझं म्हणणं काय, ज्यांना ताण्यासाठी पक्का धागा पाहिजे त्यांनी दख्खनी सूत बघा. अंगाला टोचतं म्हणून कुणी घेत नाही, पण आसन, पायपुसणं, भिंतीवरचं लटकवायचं, पिशवी, याला टोचलं तर काय बिघडतंय. काळा ताणा आणि मध्ये ताईंची रंगीत गुठळीवाली लोकर. काळ्यावर उठून दिसंल. खळ लावलेल्या ताण्यात झगडा कमी होतो ही पण गोष्ट आहे.

दुसरं, चुंबळ माहितीये ना? डोक्यावर घागर ठेवायला कापडाची गोल वळकटी. तसं ते जाड सूत गोल गोल फिरवत न्यायचं आणि बारीक सुतानं शेजारच्या फेऱ्याला टाचत जायचं. गरम भांड्याखाली ठेवायला एक नंबर.


पिंजण | १६ जून, दुपारी १.१०

चुंबळ +१. फक्त लोकर खरीच असू दे, अ‍ॅक्रेलिक मिसळलेलं गरम कुकरखाली गेलं तर वितळून ओट्याला चिकटेल. लोकर सहजी पेटत पण नाही.


सुईदोरा | १६ जून, संध्याकाळी ५.००

मागावरची, "विणायची नाहीच" हे जरा जास्त होतंय हं. सगळ्यांकडे माग नसतो. आणि टोपीची दुमडलेली पट्टी, बाहीची मनगटाकडची चार बोटं, शालीची कड, हे सुयांवर जितकं पटकन होतं तितकं मागावर होऊन दाखव. स्वेटर सगळा या लोकरीचा करू नये हे खरं, वजनाने खांदे गुडघ्यापर्यंत येतात.


मागावरची | १६ जून, संध्याकाळी ७.३५

बरं बाई, मागे घेते :) मनगटाची पट्टी तुमची.

माग नसेल तर जुनी फोटोफ्रेम घ्या, काच काढा, वरखाली अर्ध्या अर्ध्या सेंमीवर खिळे ठोका, सुतळीचा ताणा. मुलं पण करतात. भिंतीवर लावायला टेलस्पनसाठी याच्याइतकं चांगलं काही नाही, धुवावं लागत नाही, घासलं जात नाही.


टाका_चुकला | १७ जून, सकाळी ११.१५

आता माझी फजिती ऐका म्हणजे कुणी परत करणार नाही. मला कल्पना सुचली की लोकर विणायचीच कशाला, कापडावर नुसती ठेवून वरून बारीक दोऱ्याने टाचली तर? जरदोजीवाले जर टाचतात तसं. सुती उशीचा अभ्रा घेतला, खडूने वेल काढली, वेलीवर थिक-अँड-थिन लोकर फिरवली आणि त्याच रंगाच्या दोऱ्याने दर सेंटीमीटरला एक आडवा टाका. जाड भाग आला की पान, बारीक भाग आला की देठ, काही वेगळं करावंच लागलं नाही, लोकरच चित्र काढत होती. टोकं सुईने भोक पाडून मागे ओढली आणि तिथे बांधली. दोन संध्याकाळी, चार मीटर लोकर. सगळ्यांनी वा वा केलं.

आणि मग नवऱ्याने मदत म्हणून अभ्रे मशीनमध्ये टाकले. गरम पाणी. लोकर आटली, सुती कापड होतं तेवढंच राहिलं, आणि वेलीच्या सगळ्या बाजूंनी कापडाला अशा चुण्या पडल्या की उशी मनुकेसारखी दिसायला लागली. नवऱ्याला वाटलं डिझाइनच आहे.

तेव्हा टाचायचं असेल तर जे धुवायला लागत नाही त्याच्यावर टाचा, झोळीचा बाहेरचा कप्पा, भिंतीवरचं तोरण, जाकिटाची पाठ. नाहीतर लोकर आधीच गरम पाण्यात घालून जितकी आटायची तितकी आटवून घ्या.


मोगरा७७ | १७ जून, दुपारी ३.३०

साडीला गोंडे लावायला चालेल का ही लोकर? मुलीच्या लग्नात सुती साडी आहे, पदराला काहीतरी वेगळं हवंय.


सुईदोरा | १७ जून, दुपारी ४.०५

साडीला नको हो ताई, पदर जड होऊन खांद्यावरून मागे ओढत राहील आणि प्रत्येक खुर्चीत अडकेल. दुपट्ट्याच्या चार कोपऱ्यांना चार गोंडे चालतील. नाहीतर ब्लाउजच्या लटकनात घाला, मधला मणी आणि खाली कॉइलचे दोन तुकडे, कॉइल मुळातच मण्यासारखी असते. कापलेल्या टोकाला सुईदोऱ्याने दोन टाके मारा, नाहीतर पीळ उलगडून लोंबेल.


आजीची_पेटी | १८ जून, सकाळी १०.००

बाहुलीचे केस! कुणीच कसं म्हणालं नाही. बटावाली लोकर कपाळापासून मानेपर्यंत मध्ये शिवत न्यायची, भांग पण आपोआप पडतो. दीड मीटरमध्ये एक बाहुली. नातीने तिचं नाव कुरळू ठेवलंय.

आणि तुमच्या कपाटात कडुनिंबाचा पाला नाहीतर डांबरगोळ्या ठेवा हो, लोकर पडून राहिली की कसर लागते. न धुतलेल्याला लवकर लागते.


रानजाई | २ जुलै, रात्री ९.१५

मंडळी, परत आले. आधी दोन लडी सोडून सगळं धुतलं. आपटलं पण, खालच्या मजल्यावरची बाई वर विचारायला आली. पाणी तपकिरी झालं ते लोकरीतल्या मळाचं, रंग सुटला नाही. थिक-अँड-थिन सुकल्यावर इतकी फुलली की लांबी ४२ची ३८ मीटर झाली. आजीची_पेटी, न धुतलेल्या दोन लडींत खरंच कसर निघाली, त्या पिशवीत बांधून सध्या फ्रीझरमध्ये आहेत मटारच्या शेजारी.

मग गिल्डमधून माग भाड्याने आणला, ४० सेंमीचा, आणि फणी मुद्दाम ७.५ची मागितली. ताणा गडद निळा. कापायच्या दिवशी कात्री घेऊन वीस मिनिटं नुसती बसले होते. पहिला तुकडा कापला तेव्हा पोटात कसंतरी झालं, दहाव्यानंतर काही नाही, भेंडी चिरतेय असं वाटायला लागलं.

पहिले पंधरा सेंमी वाईट झालेत. फणी टेकवायची म्हटलेलं माहीत असून हात ठोकायचाच, आणि ते कमरेसारखं आत ओढलं जाणं म्हणजे काय तेही कळलं. मग जाड धाग्यानंतरचा साधा धागा सैल घालायला लागले, अगदी बोटाने कमान करून, तेव्हा कुठे काठ सरळ आले. मध्ये कंटाळून तीन ठिकाणी दोन दोन धागे एकत्र घातले तर तिथे असा फुगीर पट्टा आला, तो आता मला सगळ्यात जास्त आवडतो. मागावरून काढल्यावर कोमट पाण्यात बुडवून हलकंसं दाबलं आणि सगळं एकमेकांना धरून बसलं, तुकडे ओढून बघितले, हलत नाहीत. एकूण छप्पन्न तुकडे लागले. २८ मीटर. दहा मीटर उरली, त्यातली दीड मीटर बाहुलीसाठी, कारण शेजारच्या मुलीला कुरळू पाहिजे. बाकीची मनगटाच्या पट्ट्यांना, सुईदोरा म्हणतेय तशा उचलून.

घोंगडीवाला, दख्खनी सूत कुठे मिळेल ते जरा सांगा. आई डिसेंबरात येतेय, तिला आणायला सांगेन. तिला स्कार्फ दाखवला. म्हणाली उंदीर हुशार निघाला.

फोटो लहान करून जोडलाय, या वेळी गेला बहुतेक.


घोंगडीवाला | ३ जुलै, सकाळी ७.४५

आईंना म्हणावं साताऱ्याहून दहिवडीकडं आलात की माण तालुक्यात मेंढ्याच मेंढ्या, बाजारच्या दिवशी विचारायचं. सूत सुटं मागा, नाहीतर घोंगडी गळ्यात मारतील. आणि लडी उन्हात वाळवून आणा, वास असतो.


चहाबाज | ३ जुलै, सकाळी ८.१०

दिसला बरं का फोटो. झकास! पण खालून मोजत गेलं तर नवव्या तुकड्यानंतर मध्ये साधे धागे पाचच आहेत, सहा नाहीत.


रानजाई | ३ जुलै, सकाळी ८.३०

विणकामातलं ओ की ठो कळत नाही म्हणाला होतात ना?


चहाबाज | ३ जुलै, सकाळी ८.३२

मोजता येतं.